सेवेस निघण्यापूर्वी

प्रश्न : युगांडातील रुग्णालयात दोन वर्षे स्वयंसेवी परिचारिका म्हणून जात आहे. घरी वृद्ध आई एकटीच. तयारी कोठून करावी?

उत्तर : पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात आधी टोचून घ्या, तिचा दाखला १० दिवसांनंतरच ग्राह्य ठरतो, आणि त्यावाचून त्या देशात प्रवेश नाही. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही तेव्हाच विचारावे. परंतु माझ्या मते खरी तयारी मातोश्रींची आहे. आपल्यामागे परस्पर निर्णय होतात ही जाणीव वृद्धांस फार जाचते. म्हणून ज्या विश्वासू आप्तावर बँकेचे व घरपट्टीचे व्यवहार सोपवावयाचे, त्याच्या नावे तेवढ्याच कामांपुरते मुखत्यारपत्र करताना त्यातील प्रत्येक कलम त्यांना स्वतः वाचून दाखवावे, आणि औषधे कोण, कोणत्या वारी आणील, हेही त्यांच्या समक्षच ठरवावे.