कारखान्यांचे सांडपाणी व त्याचे मोल

जव्हारच्या बाजूच्या डोंगरांतून वाहणाऱ्या सूर्या नदीस धामणी येथे धरण आहे. तिचे पाणी शेतांस व शहरांस मिळते, तसेच बोईसरजवळील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीसही पुरविले जाते. आपल्या साखरशेताकडील व एकंदर जव्हार-मोखाड्याकडील माणसे पोटासाठी त्याच बाजूस उतरतात. तेव्हा कारखान्यांत शिरलेले स्वच्छ पाणी कोणत्या रूपाने बाहेर पडते आणि ते पुन्हा शुद्ध करण्याचा खर्च कोणी सोसावा, हे आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

घरातील सांडपाण्यापेक्षा कारखान्याचे पाणी निराळे असते. त्यात आम्ल, रंग, क्षार, विषारी द्रव्ये असू शकतात. लहान कारखान्यास स्वतःचे शुद्धीकरण परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून एक सामाईक प्रक्रिया केंद्र चालविण्याची पद्धत पडली. तेथे प्रथम सर्वांचे पाणी एका हौदात मिसळून सारखे करितात. आम्लता चुन्यासारख्या द्रव्याने मारितात व गाळ तळाशी बसू देतात. नंतर पाण्यात हवा खेळवितात. त्या हवेवर जगणारे सूक्ष्म जीव विरघळलेली घाण खाऊन टाकितात. परंतु पाणी फार विषारी आले, तर हे जीवच मरतात आणि सारे केंद्र निकामी होते. म्हणून प्रत्येक कारखान्याने आपले पाणी ठराविक मर्यादेपर्यंत स्वतः शुद्ध करूनच पुढे पाठवावे, असा नियम असतो.

आता आकारणीकडे वळू. केवळ किती पाणी आले एवढे पाहून पैसे घेतले, तर न्याय होत नाही. ते किती घाण आहे हेही मोजावे लागते. पाण्याचा नमुना तीव्र रसायनाबरोबर सुमारे दोन तास उकळून, त्यातील घाण जाळण्यास किती प्राणवायू लागेल हे काढितात. या मापास रासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. इंग्लंडात 1937 च्या कायद्याने कारखान्यांस आपले पाणी सार्वजनिक गटारांत सोडण्याची वाट मिळाली. तेथे आकारणीचे जे सूत्र रूढ झाले, ते लंडनच्या मॉग्डेन येथील शुद्धीकरण केंद्राच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात तीन गोष्टींचे मोल असते : पाणी वाहून आणणे, विरघळलेली घाण नाहीशी करणे आणि गाळाची विल्हेवाट लावणे.

उदाहरणार्थ, साधारण घाणीच्या दर घनमीटर पाण्यास, म्हणजे 1,000 लिटरांस, या तीन कामांचा खर्च अनुक्रमे 5, 6 व 4 रुपये येतो असे समजू. दररोज असे 100 घनमीटर पाणी सोडणाऱ्या पहिल्या कारखान्याने 1,500 रुपये द्यावेत. दुसऱ्याचे पाणी तितकेच, परंतु विरघळलेली घाण चौपट व गाळ दुप्पट आहे. त्याचा दर 5 अधिक 24 अधिक 8, म्हणजे 37 रुपये. दिवसाचे 3,700 रुपये. आता दुसऱ्याने घाण मुळातच कमी केली, तर त्याचे पैसे वाचतील. चांगल्या आकारणीचे मर्म हेच की, स्वच्छता राखणाऱ्यास तिने फायदा व्हावा.

परंतु सूत्र कागदावर राहून भागत नाही. तारापूरचे सामाईक केंद्र दररोज 25 दशलक्ष लिटर पाण्यापुरते होते. येणारे पाणी त्याहून अधिक झाले. पुढे 50 दशलक्ष लिटरांचे नवे केंद्र बांधण्याचे काम हाती घेतले गेले. मध्यंतरीच्या काळात त्याचा भार नवापूर, मुरबे यांसारख्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी सोसला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत 93.69 गुणांनिशी तारापूर देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. जानेवारी 2022 मध्ये लवादाने दोषी कारखाने व केंद्र यांनी भरपाई द्यावी, असा निर्णय दिला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दादही मागण्यात आली.

जो दूषित करील त्याने भरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या देशाचा कायदा म्हणून मानिले आहे. तथापि शुल्क भरले म्हणजे घाण सोडण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये. पैसे हे पाणी शुद्ध करण्यासाठी असतात. ते घेऊन पाणी तसेच समुद्रात गेले, तर किंमत कोळ्याच्या रिकाम्या जाळ्याने चुकती होते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या अशाच कारखान्यांत वा प्रयोगशाळांत कामास लागतील. नमुन्याची बाटली तुमच्या हाती येईल व आकडा तुम्हीच वहीत लिहाल. तो खरा लिहिणे हा रसायनशास्त्राचा नियम आहे, आणि शेजारधर्मही तोच आहे. शेजारी कोण, असा प्रश्न पडल्यास नळ जेथे समुद्रास मिळतो, त्या गावाकडे पाहावे.