आधी पाण्यात तोला, मग शिसं भरा

घरी मासेमारीसाठी लुअर, म्हणजे लाकडाचा खोटा मासा, करायला बसलं की हात पहिल्यांदा सागवानाकडे जातो. सुताराकडे तुकडे पडलेले असतात, लाकूड टिकाऊ असतं. मीही सागवानच घेतलं होतं. खाडीत टाकून रीळ फिरवलं, की तो लुअर कुशीवर पडायचा आणि गरगरत यायचा. दोऱ्याला पीळ बसायचा. लुअरच्या नाकाखालच्या जिभेचा कोन बदलला, गळ बदलले. उपयोग झाला नाही. दोष वजनाच्या वाटणीत होता.

हिशेब असा. 12 सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता लुअर साधारण 25 घनसेंटिमीटर जागा घेतो. त्याचं एकूण वजन 25 ग्रॅमच्या वर गेलं, की गोड्या पाण्यात तो बुडणार. सागवान घनसेंटिमीटरला सुमारे 0.65 ग्रॅम भरतं, म्हणजे नुसतं लाकूडच 16 ग्रॅम. दोन तिहेरी गळ, कड्या, तार आणि रंग यांचे सहा-सात ग्रॅम धरले, तर तोल साधायला पोटात भरायच्या शिशाला उरतात दोन-तीन. तोच आकार पांगाऱ्यात कोरला, तर लाकूड सात-आठ ग्रॅममध्ये आटोपतं आणि दहा ग्रॅम शिसं पोटात बसतं. पाठ हलकी, पोट जड. म्हणून लुअर सरळ राहतो. तरंगणाऱ्या लुअरचं लाकूड निवडताना ते पोटात किती शिसं घेऊ देईल, हे आधी बघा. फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी 1936 मध्ये पहिला लुअर बुचाचा कोरला आणि पुढे बाल्सा वापरलं. दोन्ही अतिशय हलकी.

हलक्या लाकडाला मात्र जपावं लागतं. ते पाणी पितं, फुगतं, रंग तडकतो. मऊ लाकडात फिरवून बसवलेली कडी जिताड्याच्या एका हिसक्याला उपटून येऊ शकते. म्हणून पोटाला खाच पाडून नाकापासून शेपटीपर्यंत स्टेनलेसची एकसंध तार घाला, आणि रंगाआधी सगळं अंग, शिशासाठी पाडलेल्या भोकांच्या आतली बाजूसुद्धा, इपॉक्सीने बंद करा.

शिसं भरण्याआधी तोल बघा. गळ आणि कड्या लावून लुअर बादलीत सोडा, शिशाचे तुकडे पोटाला चिकटपट्टीने लावा आणि पुढे-मागे सरकवा. सुरुवात पोटाच्या गळाच्या किंचित पुढून करा. वजन फार पुढे गेलं तर नाक खाली जातं. मागे गेलं तर फेक लांब जाते, पण डुलणं मंदावतं. रंगासाठी एक-दोन ग्रॅम राखून ठेवा. चाचणी गोड्या पाण्यात घ्या. खारं पाणी थोडं जास्त उचलून धरतं. भरतीला जेमतेम तरंगणारा लुअर पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी आलं की बुडतो.

शिसं वितळवून लाकडात ओतू नका. ते 327 अंशांना वितळतं. भोकात जरा जरी ओल असली तरी तिची क्षणात वाफ होते आणि तापलेलं शिसं तोंडावर उडतं. शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते, मुलांना तर फारच. बाजारात तयार गोळ्या मिळतात. त्या कापून इपॉक्सीने बसवा, हात साबणाने धुवा आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामाला लावू नका.

जमलेल्या लुअरचं लाकूड, लाकडाचं वजन आणि शिशाची जागा वहीत लिहून ठेवा. एकाच झाडाचे दोन तुकडेही सारखे भरत नाहीत, म्हणून नवा तुकडा घेतला की बादलीपासून पुन्हा सुरुवात करा.