बांधावरची तुळस

कुरुंदवाड पंचगंगेच्या काठी वसले आहे. जवळच नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. जमीन काळी, कसदार. ऊस तर सगळीकडेच आहे. पण परड्यात आणि मळ्याच्या कडेला भाजीपालाही होतो.

एका साली आम्ही परड्यात काकडी लावली. वेल फुलांनी पिवळा झाला. आम्हाला आनंद झाला. पण काकड्या धरेनात. काही बारीक असतानाच पिवळ्या पडून गळाल्या. काही धरल्या, त्या वाकड्या. खत कमी नव्हते, पाणीही कमी नव्हते. मग चुकले कुठे?

चूक आमचीच होती. किडीसाठी आम्ही रोज सकाळी औषध मारत होतो. त्याच वेळी माश्या फुलांवर येतात. त्या मेल्या, आणि आमचे पीकही गेले.

काकडीच्या वेलावर दोन तऱ्हेची फुले येतात. एक नर, एक मादी. मादी फुलाच्या मागे बोटाएवढी कोवळी काकडी दिसते. नर फुलात पिवळी पूड असते. तिला पराग म्हणतात. हा पराग मादी फुलात पडला, तरच काकडी भरते. नाही तर ती गळते. कारले आणि तांबडा भोपळा यांचेही तसेच. पराग नेणार कोण? मधमाशी! ती मधासाठी फुलाफुलांवर हिंडते. तिच्या अंगाला पूड चिकटते, आणि आपले काम आपोआप होते. मजुरी काही मागत नाही.

मग माशीला बोलवायचे कसे? तिला बारमाही चारा पाहिजे. आपल्याकडे तो चारा घरोघर आहे. तो म्हणजे तुळस. तुळशीच्या मंजिऱ्यांवर माश्या सारख्या घोंघावतात, हे आपण पाहतोच. थंड मुलखात लोक बागेच्या कडेला हिसॉप नावाचे झुडूप लावतात. तेही तुळशीच्याच कुळातले. त्याच्या निळ्या फुलांवरही अशाच माश्या येतात.

तुळस लावायची रीत सोपी आहे. वाळलेल्या मंजिऱ्या चोळून बी काढा. बी फार बारीक असते. ते राखेत मिसळून वाफ्यात पसरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि झारीने पाणी घाला. आठ-दहा दिवसांत बी उगवते. रोप वीतभर झाले, की बांधावर दीड-दोन फुटांवर एकेक लावा. जागा उन्हाची हवी. सावलीत तुळस खुरटते. पाणी साचले तर मुळे कुजतात. आपल्याकडे २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. म्हणून उंच बांध पाहा, किंवा पावसाळा सरल्यावर लावा. आश्विनात लावलेली तुळस उन्हाळी काकडी फुलेपर्यंत मंजिऱ्या धरते.

रोप लहान असताना शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. पुढे मात्र सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. निम्म्या काढा, निम्म्या माश्यांसाठी ठेवा. वृंदावनातली तुळस पूजेची, बांधावरची माशीची! एक रोप दोन-तीन वर्षे टिकते, आणि खाली सांडलेल्या बियांतून नवी रोपे येतात.

तुळस लावली आणि सकाळी औषध मारले, तर काय उपयोग? माश्या बोलवायच्या आणि मारायच्या! पीक फुलावर असताना औषध टाळावे. मारावेच लागले, तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर मारावे. झाडाच्या ढोलीत सातेरी माश्यांचे पोळे असेल, तर ते जाळू नये.

आपल्या जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातले पाटगाव हे 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. तिथे माशीला घरच्या गुरासारखे जपतात. तिने मध दिला तर उत्तमच. पण आपल्या परड्यात तिने काकडी भरवली, तरी ती आपली लक्ष्मीच आहे.

प्रश्न
१. मादी फूल कसे ओळखावे?
२. औषध केव्हा मारावे? का?
३. तुमच्या बांधावर ऊन कोठे पडते? तेथे किती तुळशी मावतील?