लाकूड तरंगतं, पण किती? मासे धरायच्या लाकडी आमिषातून एक पाठ



"लाकूड पाण्यावर तरंगतं" हे उत्तर मुलं पाठ करून देतात. पण कोणतं लाकूड, किती वाळलेलं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. गळाने मासे धरणारे हौशी लोक लेथवर माशाच्या आकाराचं लाकडी आमिष बनवतात. त्यांना हेच प्रश्न आधी सोडवावे लागतात.

१) निवड : १ घनसेंमी पाण्याचं वजन १ ग्रॅम. तेवढंच सागाचं वाळलेलं लाकूड सुमारे ०.६५ ग्रॅम, तर बाल्सा सुमारे ०.१६ ग्रॅम भरतं. म्हणजे १० घनसेंमी सागाचं आमिष साधारण ३.५ ग्रॅमचे गळ आणि तार पेलेल, बाल्साचं ८ ग्रॅमच्या वर. मग बाल्साच का नको? ते फार मऊ असतं. लेथवर तंतू फाटतात आणि मासा चावला की खड्डे पडतात.

२) वाळवणं : ओलं लाकूड वाळताना आक्रसतं आणि मध्यातून तडकतं. म्हणून मधला गाभा आणि गाठी टाळायच्या. टोकांकडून पाणी लवकर उडतं, तिथे मेण लावायचं. तुकडा सावलीत ठेवून मुलांना दर आठवड्याला वजन करायला सांगा. वजन घटायचं थांबलं की लाकूड वाळलं. तक्ता आणि आलेख दोन्ही होतात!

३) मध्य काढणं : रेषा लांबीच्या दिशेने धावतील असा चौकोनी तुकडा कापायचा. टोकावर दोन कर्ण काढले की छेदतात तोच मध्य. इथे भूमिती हाताला लागते.

४) पाणी अडवणं : फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये आपलं पहिलं आमिष बुचाचं केलं. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या वितळवलेल्या फिल्मचा थर दिला. आपण व्हार्निश वापरू. थर नसेल तर लाकूड पाणी पितं, फुगतं, जड होतं.

लेथ मोठ्यांनीच चालवायचा, तोही चष्मा लावून आणि सैल कपडे टाळून. वर्गात गळ आणायचे नाहीत. सुताराकडचे चार प्रकारचे तुकडे आणि एक बादली पुरे. कोणता तुकडा किती बुडेल, ते मुलांना आधी लिहायला सांगा, मग पाण्यात सोडा. उत्तर पाठ करायची गरजच उरणार नाही.