गाडी थांबवणारी बॅटरी

रिमोटवर चालणारी नायट्रो गाडी घेणारा आधी इंजिन बघतो, मग टायर, मग रंग. रिसीव्हरच्या बॅटरीची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. मग गाडीसोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात किराणा दुकानातले चार पेन्सिल सेल बसतात आणि गाडी धूळ उडवत निघते. माझ्या भाच्याची गाडी अशीच निघाली होती.

मेडशीत माझं फवारणी पंप आणि मोटारी दुरुस्तीचं काम आहे. भाचा पुण्याला शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत आला तो ही गाडी काखेत मारून. एकास आठ मापाची, साडेतीन सीसीचं इंजिन, मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाच्या मिश्रणावर चालणारं. वजन साडेतीन किलोच्या आसपास, वेग ताशी साठ किलोमीटरच्या पुढे. आमच्या खळ्यावरून सोयाबीन उचलून झालं होतं, कुटाराचा ढीग तेवढा एका अंगाला पडून होता. गाडी तिथंच सोडली. चार फेऱ्या झकास झाल्या, गावातली पोट्टी कडेला जमली. सरळ पट्ट्यात गाडी पूर्ण जोरात असताना भाचा ओरडला, "मामा, गाडी ऐकत नाही!"

रिमोटचा घोडा त्याने ब्रेकच्या बाजूला दाबून धरला होता, पण इंजिनचा आवाज तसूभरही कमी झाला नाही. गाडी पोरांकडे न वळता कुटारात घुसली, हे नशीब. आत शिरूनही इंजिन किंचाळत होतं, आणि वाळल्या कुटारात तापलेला सायलेन्सर म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी हात घालून इंधनाची नळी चिमटीत धरली. काही क्षणांत इंजिन गुदमरून बंद पडलं. अशा वेळी नळी दाबायची, नाहीतर जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड बंद करायचं. फिरत्या फ्लायव्हीलला बोट लावायचं नाही. आणि इंधन सांडलं असेल तर हात घालण्याआधी अंदाज घ्या, कारण मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही.

नायट्रो गाडीत इंजिनला बॅटरी लागत नाही. एकदा ग्लो प्लग तापून इंजिन सुरू झालं की ते आपल्या आपण चालतं. बॅटरी असते ती रिमोटचा सिग्नल झेलणाऱ्या रिसीव्हरसाठी आणि दोन सर्व्होंसाठी: एक चाकं वळवतो, दुसरा कार्ब्युरेटर उघडतो-मिटतो आणि ब्रेक लावतो. विजेवरच्या गाडीची बॅटरी बसली की गाडी थांबते. हिची बॅटरी बसली की थांबवणाराच जातो, आणि सर्व्हो ज्या जागी असेल त्या जागी राहतो. म्हणून ही बॅटरी निवडताना डोक्यात ब्रेक ठेवायचा.

दुकानात आणून सेलना मल्टिमीटर लावला, तर चारांचे मिळून जवळजवळ सहा व्होल्ट. इथंच घोडं पेंड खातं. माझ्याकडे पंप घेऊन येणाराही हेच म्हणतो, "बॅटरी तं साडेबारा दाखवते, मंग पंप काऊन नाही चालत?" पंपाचं बटण दाबून बघितलं की तीच बॅटरी नवावर येते. भार नसताना दिसणारं व्होल्टेज फसवं असतं. गाडीचंही तसंच केलं. पुढची चाकं हाताने अडवली, भाच्याला स्टिअरिंग आणि ब्रेक एकदम मारायला सांगितलं, तर सहाचे चार झाले. साधा सर्व्हो अडला की अँपिअरभर ओढतो, ताकदवान डिजिटल सर्व्हो दोन-तीनही ओढतो. एवढा करंट पेन्सिल सेलच्या डब्यातून निघत नाही.

डब्याच्या स्प्रिंगा भिंगातून बघितल्या. सेलचं बूड जिथं टेकतं तिथं थरथरीने घासून काळे ठिपके पडले होते आणि त्यावर इंधनातल्या तेलाचा पातळ लेप. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डब्याला टिचकी मारली, रिसीव्हरचा दिवा विझला आणि थोड्या वेळाने परत लागला. रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला, सिग्नल शोधायला असा वेळ घेतो. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते.

"पण फेलसेफ आहे ना मामा," भाचा म्हणाला. फेलसेफ सिग्नल तुटला तर सर्व्होला ब्रेकवर नेतो, पण न्यायला वीज लागते. वीजच गेली तर उपाय एकच, कार्ब्युरेटरच्या दांडीला परत खेचणारी बारीक स्प्रिंग. ती तपासायला इंजिन बंद असताना थ्रॉटल उघडा ठेवून बॅटरीची पिन उपसायची. दांडी आपोआप मिटली पाहिजे. फेलसेफची परीक्षा वेगळी: इंजिन बंदच, रिसीव्हर चालू ठेवून रिमोट बंद करायचा. एक पास झाली म्हणून दुसरी सोडायची नाही.

आता घ्यायचं काय? बहुतेकांना मी पाच सेलचा निकेल-मेटल हायड्राइडचा जोडलेला पॅक सांगतो. खाली तीन, वर दोन सेल असे रचलेले असतात म्हणून त्याला हंप पॅक म्हणतात. सहा व्होल्ट, साधारण 1600 एमएएच. सेल पट्टीने वेल्ड केलेले असल्याने स्प्रिंगची कटकट नाही, आणि साध्या सर्व्होवर 4.8 ते 6 व्होल्ट लिहिलेलं असतं त्यात हा बसतो. एमएएचच्या मागे लागू नका. या मापाच्या बग्गीची टाकी सव्वाशे सीसीची, ती आठ-दहा मिनिटांत संपते. 1600 चा चांगला पॅक कित्येक टाक्या पुरतो. चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलवर 3800 छापलेलं दिसलं तर तो तिथंच ठेवा. त्या आकारात खरा आकडा अडीच हजारांच्या थोडा पुढे जातो, त्याहून जास्त नाही. माझी पद्धत सोपी आहे: किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सेल ठेवायचा. खरा पंचवीस-तीस ग्रॅम भरतो, नकली भलताच हलका निघतो.

लिथियमचं वेड पोरांना फार. दोन सेलचा लिपो पूर्ण भरला की 8.4 व्होल्ट देतो. साध्या सर्व्होला थेट लावला तर धूर काढतो. मध्ये रेग्युलेटर हवा, नाहीतर सर्व्हो हाय व्होल्टेजचे हवेत. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दोन सेलचा पॅक 6.6 व्होल्टचा, भरल्यावर सात-सव्वासात. तो स्वभावाने शांत आहे आणि मला आवडतो. पण त्याचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग धाडकन पडतं, त्यामुळे मीटरवर भरवसा न ठेवता किती वेळ चालवली ते लिहून ठेवावं लागतं. सर्व्होवर सहाच व्होल्ट लिहिलेले असतील तर हाही नको.

चार्जिंगचं आमच्याकडचं दुखणं वेगळं. फवारणी पंपाचा चार्जर प्रत्येक घरात टांगलेला असतो, पिन जुळली की पोरं तोच लावतात. तो बारा व्होल्टच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी आहे, चौदा व्होल्टच्या आसपास देतो. पाच सेलच्या पॅकचं त्यात वाटोळं होतं. टायमरवर चालणारा स्वस्त चार्जरही नको, कारण वीज जाऊन आली की त्याचा टायमर पहिल्यापासून सुरू होतो आणि भरलेला पॅक पुन्हा भरत बसतो. पॅक भरला की स्वतः थांबणारा, डेल्टा पीक ओळखणारा चार्जर घ्या, त्यावर रसायन कोणतं निवडलंय ते दोनदा बघा. लिपो निकेलच्या मोडवर लावणं म्हणजे आग लावणं.

निकेलचा साधा पॅक पडून राहिला की आपोआप उतरतो. 2005 मध्ये सॅन्योने एनेलूप आणल्यापासून कमी उतरणारे सेल मिळू लागले. दोन पैसे जास्त देऊन तसलेच घ्यावेत. तरी खळ्यावर नेण्याआधी मी पॅक भरतोच. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा पॅक पत्र्याच्या खोलीतून उचलून घरात माठाशेजारच्या कोनाड्यात जातो. गाडीत बसवताना फोम गुंडाळायचा. प्लगच्या तीन पिनांपैकी मधली धन असते, ती मीटरने तपासायची.

भाच्याच्या गाडीत आता हंप पॅक आहे, अडवलेल्या चाकांवरही साडेपाचच्या खाली उतरत नाही. ज्या दिवशी भाराखाली पाचच्या खाली जाईल, त्या दिवशी तो गाडीतून निघेल आणि माझ्या टेबलावरच्या छोट्या दिव्याला लागेल.