पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा

गाडी चकचकीत होती. चंदेरी रंग, २०१७ चं मॉडेल, ऑटोमॅटिक, रनिंग जेमतेम तीस हजार. माझी लेक ड्रायव्हर सीटवर बसली, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि मला म्हणाली, "आई, हीच."

आमच्याबरोबर आलेले गॅरेजवाले काका काही बोलले नाहीत. त्यांनी तिला खाली उतरायला सांगितलं, ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट हातात घेतला आणि हळूहळू ओढत राहिले. रोजच्या वापरात जेवढा बाहेर येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा, एरवी आत गुंडाळलेलाच राहणारा भाग बाहेर आला, तेव्हा त्यावर मातकट पट्टा उमटलेला दिसला. काकांनी नखाने खरवडलं. बोटावर बारीक, कोरडा गाळ आला. मग त्यांनी सीट मागे सरकवून खालच्या रुळांचे बोल्ट दाखवले, ते गंजलेले. डिकीतली स्टेपनी उचलली, तिच्या खळग्यात तोच गाळ.

"ताई, ही पाण्यातली गाडी आहे," ते म्हणाले.

लेकीचा चेहरा एवढासा झाला. विकणाऱ्याने आम्हाला 'सिंगल ओनर, एकदम घरगुती वापर' एवढंच सांगितलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून पुन्हा विकायला निघतात. ऑटोमॅटिकमध्ये हे दुखणं जास्त खोल जातं, कारण गिअर टाकणारी यंत्रणा तारा, सॉकेट आणि छोट्या कॉम्प्युटरवर चालते. पाणी शिरलं की सॉकेट आतून गंजत राहतात आणि सहा महिन्यांनी एखाद्या संध्याकाळी गाडी भर रस्त्यात गिअर घ्यायचं थांबते. त्या वेळी स्टिअरिंगवर आपलं पोर असतं.

त्या दिवसापासून मुलासाठी किंवा मुलीसाठी गाडी बघणारे आईबाप भेटले, की मी आपणहून त्यांच्याशी बोलते. आज तुमच्याशी बोलते.

पहिला प्रश्न ऑटोमॅटिक घ्यावी का हाच असतो. आमच्या घरातही यावर आठवडाभर चर्चा चालली. "गिअरची गाडी आली की जगातली कुठलीही गाडी येते, आधी ती शिकू दे," हे मुलीच्या बाबांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण नव्या ड्रायव्हरचे पहिले सहा महिने मी जवळून पाहिले आहेत. डावीकडून घुसणारी दुचाकी, थांब्यावर एकदम थांबणारी बस, कडेने चालणारी म्हातारी बाई, पावसाने उघडा पडलेला खड्डा, या सगळ्यांकडे त्या पोराला एकाच वेळी बघायचं असतं. त्यात चढावर सिग्नल लागला, गाडी बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, की त्याची नजर रस्त्यावरून निघून पायाकडे जाते. त्या दोन क्षणांची मला भीती वाटते. क्लचचं काम गाडीने केलं, तर नजर रस्त्यावर राहते. म्हणून मी ऑटोमॅटिकच्या बाजूने. आपल्याकडे चारचाकीच्या परवान्यात गिअरची आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही, त्यामुळे गिअरची गाडी पुढे कधीही, निवांतपणे शिकता येते.

पण ऑटोमॅटिक सोपी आहे म्हणून शिकवायचं कमी आहे, असं मानू नका. या एका गोष्टीवर मी जरा जास्त वेळ बोलणार आहे.

आपली मुलं चारचाकीकडे येतात ती स्कूटरवरून. ब्रेक हातात, अ‍ॅक्सिलरेटर हातात, पाय नुसते फळीवर. चारचाकीत हे सगळं पायात येतं. गिअरच्या गाडीत माणूस घाबरला की बहुतेक वेळा दोन्ही पाय खाली दाबतो. क्लच दाबला जातो आणि इंजिनाची ओढ सुटते. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नाही. घाबरून चुकीच्या पेडलवर पाय पडला, तर गाडी पुढेच झेपावते, आणि ब्रेकच दाबतोय या समजुतीने माणूस ते पेडल आणखी जोरात दाबतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, फाटकातून आत येताना, भिंतीला लावून उभी करताना हे होतं. वेग फार नसतो, पण समोर माणूस असू शकतो.

म्हणून गाडी घरी आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही शाळेच्या मोकळ्या मैदानावर गेलो. इंजिन बंदच ठेवलं. मी लेकीला सांगितलं, डावा पाय सीटजवळ ओढून घे, तो आता सुट्टीवर आहे. उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर टेकव आणि तिथून हलवू नकोस. बोटं फक्त उजवीकडे वळवून अ‍ॅक्सिलरेटरवर न्यायची आणि परत ब्रेकवर आणायची. पन्नास वेळा तिच्याकडून हे करून घेतलं. चपला काढून मागे ठेवल्या, बंद बूट घातले, पायाखालची सुटी चटई काढून टाकली. पाण्याची बाटली पुढच्या सीटखाली ठेवायची नाही हेही तेव्हाच ठरलं, कारण घरंगळत जाऊन ती ब्रेकखाली अडकते.

मग गाडी सुरू केली. ब्रेक दाबून गिअरमध्ये टाकली आणि ब्रेक सोडायला सांगितला. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी आपोआप पुढे सरकू लागली आणि लेक दचकली. हे दचकणं मैदानावर झालं म्हणून बरं झालं. त्या दिवशी तासभर आम्ही एवढंच केलं: ब्रेक सोडायचा, सरकू द्यायचं, मी मध्येच "थांब" म्हणायचं आणि तिने थांबायचं. दुसऱ्या रविवारी रिव्हर्स. रस्त्यावर आम्ही तिसऱ्या रविवारी गेलो.

आता गाडीतल्या फरकांविषयी थोडं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि आपल्याकडे साध्या घरांना ऑटोमॅटिक परवडू लागली. पाठोपाठ अल्टो के१०, वॅगनआर, क्विड, टियागो, सँट्रो या गाड्यांतही ती सोय आली. या गाड्यांत एएमटी असते. म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीच्या गाडीसारखेच, फक्त ते दाबण्या-बदलण्याचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना हलकासा हिसका बसतो, त्याची सवय होते. क्लच मात्र झिजतो. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय मुलांना लागू देऊ नका, त्यात क्लच जळतो. जुन्या एएमटी गाड्या चढावर मागे येतात, तेव्हा हँडब्रेक लावूनच उचलायला शिकवा. आणि अशा बहुतेक गाड्यांत 'पी' हा पार्किंगचा टप्पा नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक पूर्ण ओढायचा. कोकणात उतरताना, मग तो कुंभार्ली असो की आंबा घाट, सारखा ब्रेक दाबत राहण्यापेक्षा 'एम' मध्ये टाकून खालचा गिअर धरायचा. हे तिला मी स्वतः शेजारी बसून दाखवलं.

ग्रँड आय१० किंवा ब्रिओसारख्या गाड्यांतली जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक, किंवा बलेनो आणि जॅझमधली सीव्हीटी, चालवायला जास्त मऊ असते. गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर बदलल्याची नोंद दिसली तर जरूर घ्या. नोंद नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. दोन क्लचच्या गाड्या पहिल्या गाडीसाठी मी सुचवणार नाही. पिकअपच्या मोहातही पडू नका. एक हजार ते बाराशे सीसीचं इंजिन नव्या ड्रायव्हरला पुरेसं आहे.

गाडी किती जुनी घ्यावी? आम्ही आधी २०१७ ची बघत होतो, ती पैसे वाचावेत म्हणून. मग काकांनी समजावलं. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा, वेगाचा इशारा आणि रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे झाले. म्हणजे २०१९ च्या उत्तरार्धात बनलेली गाडी घेतली, तर एवढं तरी हमखास मिळतं. शेजारच्या सीटलाही एअरबॅग असलेलं मॉडेल मिळालं तर थोडे पैसे जास्त घाला, कारण सुरुवातीला त्या सीटवर आपणच बसणार असतो. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०२० मध्ये टियागोला चार तारे मिळाले, २०१९ मध्ये वॅगनआर आणि सँट्रोला दोन-दोन. अ‍ॅव्हरेज विचारतो त्याआधी हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

ट्रायलला जाताना सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम असेल तर गाडी तुम्ही येण्याआधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन सुरू होताना काय आवाज करतं ते आपल्याला ऐकायचं असतं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद केला आहे, आणि त्यामागे फुटलेली एअरबॅग असू शकते. डी मधून आर मध्ये टाका, गाडी किती वेळाने गिअर घेते बघा. चढावर थांबवून पुन्हा उचला. उचलताना गाडी थरथरली तर क्लच संपत आला आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर पावसाळ्यात भरवशाचं नसतं, टायरचे पैसे बाजूला काढूनच सौदा करा.

कागदांचं थोडक्यात सांगते. गाडीचा नंबर एम-परिवहनवर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे कळतं. थकलेली चलानंही बघून घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवायला ३५. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो धरून हप्ता काढला असेल तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे क्लेमच्या वेळी अडतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. अठरा पूर्ण होण्याआधी, सोसायटीच्या आवारातसुद्धा, किल्ली हातात देऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. पण दंडाचं सोडा. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या गाडीने दोन तरुण जीव गेले, त्यांच्या आईवडिलांना आठवा.

आम्ही शेवटी घेतली ती टियागो, ऑगस्ट २०१९ मध्ये बनलेली, रनिंग बावन्न हजार. दाराला लांब ओरखडा, रंग लेकीच्या नावडीचा. पण प्रत्येक सर्व्हिसची नोंद होती आणि सीटबेल्ट मुळापर्यंत एकाच रंगाचा होता. तो या वेळी लेकीनेच ओढून बघितला. बॉनेटवर हातही तिनेच ठेवला, टायरवरचे आकडे तिनेच वाचले, आणि चढावर गाडी उचलून काकांना म्हणाली, "थरथरत नाहीये." गाडी घेतल्यापासून महिन्यातून एकदा ती न सांगता टायरची हवा तपासते. मला वाटतं, त्याची सुरुवात त्या दिवशी झाली.

येत्या रविवारी तुम्ही गाडी बघायला निघाल, तेव्हा मुलांना घरी ठेवून जाऊ नका. चांगला गॅरेजवाला सोबत घ्या, तुम्ही शेजारी उभे राहा, आणि पट्टा मुलांनाच शेवटपर्यंत ओढू द्या.