समुद्र तापला तर वायू कोठे मावणार?

उन्हाळ्यात पेठसारख्या गावी दुकानातली गार सोड्याची बाटली उघडली, तर बारीक बुडबुडे सावकाश वर येतात. बाटली गार केलेली नसेल, तर मात्र फसकन फेस उसळतो. असे का होते? सोड्यात कार्बन डायॉक्साइड वायू विरघळवलेला असतो. पाणी जितके गरम, तितका हा वायू त्यात कमी मावतो.

घरी करून पाहा. सोड्याच्या दोन सारख्या, गार बाटल्या घ्या. झाकणे काढून तोंडावर लगेच एकेक फुगा बसवा. एक बाटली बर्फाच्या पाण्यात आणि दुसरी कोमट पाण्यात उभी करा. अर्ध्या तासाने कोणता फुगा मोठा दिसतो?

या वायूचा दाब १ वातावरण असताना १ लिटर शुद्ध पाण्यात ०° सेल्सियसला सुमारे ३.३ ग्रॅम वायू विरघळतो, तर २५° सेल्सियसला सुमारे १.५ ग्रॅमच.

आता समुद्राकडे वळू. कोळसा व खनिज तेल जाळून आणि जंगले तोडून माणूस जेवढा कार्बन डायॉक्साइड हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हवेतील वायूचा दाब वाढल्यामुळे समुद्रात जाणारा वायूही वाढला आहे. परंतु या शोषणाला तीन अडथळे आहेत.

पहिला अडथळा तापमानाचा. तो आपण पाहिला. दुसरा थरांचा. वरचे पाणी तापून हलके होते, खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही, आणि वायू खोलवर पोहोचत नाही. तिसरा रासायनिक. विरघळलेला वायू पाण्यातील कार्बोनेट आयनांशी संयोग पावतो. हे आयन कमी होत गेले, की पुढचा वायू सामावणे कठीण होते.

सगळेच समुद्र वायू शोषतात असेही नाही. गोव्यात दोना पावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांना १९९० नंतरच्या दशकात असे आढळले, की अरबी समुद्र एकंदरीत हवेला वायू देतो. आंबेगाव-जुन्नरला पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारेच ओमान-सोमालियाजवळ वरचे पाणी दूर लोटतात. त्याच्या जागी खालचे, कार्बनने समृद्ध पाणी वर येते. ही क्रिया नैसर्गिकच आहे. पण त्यामुळे थंड समुद्रांवर आपली भिस्त किती आहे, हे कळते.

ते समुद्रही तापले, तर आपण सोडलेल्या वायूचा अधिक वाटा हवेतच राहील, हवा आणखी तापेल आणि तिच्याबरोबर समुद्रही. हे चक्र मंद करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे मुळात वायूच कमी सोडणे.

विचार करा : आपल्या प्रयोगातली कोमट पाण्यातली बाटली पुन्हा बर्फात ठेवली, तर फुग्याचे काय होईल?